जिता वाघ

टिपेश्वरच्या जंगलात गाडी शिरली आणि मोहाचा वास आला. जिप्सीच्या मागच्या बाकावर मी डोळे मिटून घेतले. चैत्र निम्मा सरला होता. पळसाची फुलं झडून गेली होती, सागाला पान नव्हतं, आणि वाळलेल्या पाचोळ्यावरून येणारा वारा गरम असूनही गोड लागत होता. भाचीनं हट्टानं आणलं होतं मला. तिची लेक ओवी माझ्या अंगाला खेटून बसली होती. आमच्या पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. सकाळी वाघीण पाण्यावर आली होती म्हणे. ड्रायव्हर, जंगलाकाठच्या सुन्ना गावचाच पोरगा, तिचं नाव असं घेत होता की जणू त्याच्या शेजारीच राहते ती.

"आजी, तू आधी कधी वाघ पाहिलायस?" ओवीनं विचारलं.

"आमच्या घरीच होते," मी म्हणाले. "भिंतीवर."

तिला वाटलं मी गंमत करते आहे. ती हसली आणि पुन्हा झाडीकडं पाहू लागली. मी मात्र त्या वासाचा हात धरून फार मागं गेले होते.

पांढरकवड्याला आम्ही आलो ते छप्पन साली. त्याच वर्षी आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. संध्याकाळी वकील मंडळी आमच्या ओट्यावर बसून त्याच गोष्टी उगाळायची. नागपूरची राजधानी गेली म्हणून बाबा कितीतरी दिवस उदास होते. शेवटी आई कंटाळून म्हणाली, "राजधानी गेली तं गेली. हायकोर्ट आहे नं अजून?" तेव्हा ते हसले. त्या राज्यबदलातलं मला आठवतं ते एवढंच.

गाव म्हणजे एक मोठा रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या. रस्ता नागपूरहून यायचा आणि हैदराबादला जायचा. दिवाळी झाली की कापसाच्या बंड्यांची रांग लागायची. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, जिनिंगच्या कारखान्यातून येणारा सरकीचा तेलकट वास, आणि हवेत तरंगणारा कापूस. सकाळी अंगणात यावं तर तुळशीवर पांढरी लव बसलेली असायची. आई ती फुंकर मारून उडवायची आणि मग पाणी घालायची.

आणि त्याच दिवसांत शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा.

बाबा वकील होते, पण गावात त्यांची ओळख शिकारी म्हणून अधिक. बैठकीच्या भिंतीवर पट्टेदार वाघांची दोन कातडी पसरून लावलेली होती. त्यांच्या मधोमध एक डोकं होतं, दूर म्हैसूरला पाठवून भरून आणलेलं. जबडा उघडा, जीभ लाल रंगवलेली, डोळे काचेचे. सांबराच्या शिंगांवर बाबांचा काळा कोट अडकवलेला असायचा. पक्षकार आत यायचे आणि बोलायचं विसरून वर पाहत राहायचे.

या सगळ्याची निगा आईकडं होती. कातड्यांना कसर लागू नये म्हणून ती मागच्या बाजूनं वाळलेला कडुनिंब आणि कापूर घालायची. मऊ कुंच्यानं केसांच्या ओघानं झाडायची. मग स्टुलावर चढून डोक्याचे काचेचे डोळे ओल्या फडक्यानं पुसायची, लहान मुलाचं तोंड पुसावं तसे. कापराचा आणि कडुनिंबाचा तो कडू, गार वास मला आजही कुठं आला की आमची बैठक दिसते.

बाबांचे मित्र युसूफभाई. हैदराबाद रोडवर निंबाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज होतं. लष्करानं लिलावात काढलेली एक जीप त्यांनी नागपूरहून आणली होती आणि ती स्वतःच्या हातानं पुन्हा उभी केली होती. बंदूक बाबांची, जीप युसूफभाईंची, आणि जंगल दोघांचं, असा मामला. पाहुणे यायचे: नागपूरचे, मुंबईचे, कधी कापसाचे मोठे व्यापारी, कधी कुणी साहेब. जंगलातल्या एखाद्या ब्लॉकचा शिकारीचा परवाना निघायचा. मग आमच्या अंगणात कंदील, ताडपत्र्या, तुपाचे डबे, आणि जीपच्या बाजूला लटकवलेली पाण्याची छागल. ओल्या कॅनव्हासचा वास आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळायचे. बायका कुणी जायच्या नाहीत. आई पुडाच्या वड्या बांधून द्यायची आणि फाटकाशी उभी राहायची.

वाघ मिळाला की युसूफभाई नाक्यापासून घरापर्यंत हॉर्न दाबून धरायचे. सगळं गाव पळत यायचं. अंगणात वाघ उतरवला जायचा. फोटोवाला आपलं तिपाई कॅमेऱ्याचं खटलं घेऊन यायचा. म्हाताऱ्या बाया सांधेदुखीसाठी चरबी मागायच्या, कुणाला लेकराच्या गळ्यात बांधायला नख हवं असायचं. जंगलखात्याचा नाकेदार आधी मिशा जाळून टाकायचा, कारण त्यांत विष असतं असं सगळे म्हणायचे. आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. माणसं पांगली की अंगणात पाणी ओतायची.

एका पौषात असाच एक वाघ अंगणात पडला होता. पुरुष मंडळी आत चहा घेत होती. आई बाहेर आली, मी तिच्या मागोमाग. ती वाघाजवळ उकिडवी बसली आणि तिनं त्याचा पुढचा पंजा दोन्ही हातांत घेतला. अंगठ्यानं तळवा दाबून पाहिला.

"किती मऊ आहे गं," ती म्हणाली. "हा चालत असंल तं आवाजच होत नसंल."

मीही हात लावला. तळवा थंड होता आणि त्याच्या खाचेत वाळूचे दोन-चार कण अडकले होते.

त्या दिवशी जेवताना आई बाबांना म्हणाली, "अहो, मले एकडाव जिता वाघ पाहायचा आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "जिता वाघ? पाहून करशीन काय?"

"काय करीन? पाहीन."

बाबा खूप हसले. "नेरची माणसं! तिथं वाघ म्हणजे पोळ्याच्या दिवशी सोंग घेऊन येते तेवढा." नेर हे आईचं माहेर. सपाट मुलूख, कापसाची वावरं आणि बसस्टँड. आई रागावली नाही. ताटात भात वाढत म्हणाली, "म्हणूनच म्हणतो."

आमच्याकडच्या बायका कधी कधी 'म्हणतो' म्हणतात. आईच्या तोंडी ते फक्त ठाम बोलताना यायचं.

त्यानंतर ती दरवर्षी विचारायची. आंब्याला मोहर आला की, वाळ्याचे पडदे लागले की, तेंदूपत्त्याच्या पुड्यांनी भरलेल्या बंड्या रस्त्यानं जाऊ लागल्या की. बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी पाहू." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की ही हौस आपोआप विझेल. वर्षं जात राहिली. मधल्या काळात महाराष्ट्र झाला, शाळेत पेढे वाटले. मी परकर सोडून साडी नेसायला लागले. आईच्या कानाजवळ एक पांढरी बट आली. भिंतीवर आणखी एक कातडं आलं आणि कडुनिंब जास्त लागू लागला.

मी नववीत होते त्या चैत्रात बाबा एका खटल्यासाठी नागपूरला गेले होते. दुपारी युसूफभाईंच्या घरच्या, जुबेदाबी, कैऱ्या घेऊन आल्या. दोघी लोणच्यासाठी फोडी करत बसल्या. बोलता बोलता आईनं आपली हौस सांगितली. जुबेदाबींची विळी थांबली.

"बाई, मैंने कहाँ देखा जिंदा शेर! गाडी हमारी, अन् मैं उसमें बैठी तो दवाखाने कू जाने के वास्ते." फोडी परातीत ढकलत त्या उठल्याच. "आज शामकू पूछती मैं इनकू."

संध्याकाळी युसूफभाई आमच्या फाटकाशी आले. टोपी हातात घेतलेली, चेहरा काळजीचा.

"भाभी, वकीलसाहेब इथं नाहीत. बंदूक नाही. काही कमीजास्त झालं तं मी त्याहीले काय तोंड दाखवू?"

"बंदूक कायले पाहिजे?" आई म्हणाली. "मले त्याले मारायचं थोडंच आहे?"

"तसं नाही भाभी..."

"तुमी गाडीतून उतरू नका. आमी उतरत नाही. तो त्याच्या जागी, आपण आपल्या जागी."

युसूफभाईंनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही मी मध्ये पडेन. मग मान हलवली. "उद्या दुपारी निघू. पांढरं काही नेसू नका."

आईनं हिरवट रंगाचं जुनं खादीचं लुगडं नेसलं. जुबेदाबींनी मातकट ओढणी घेतली. दोघी मागं, मी पुढं. नाक्यावरच्या नाकेदारानं गाडीत डोकावून पाहिलं, बंदूक दिसली नाही म्हणून पुन्हा पाहिलं. "साहेब कुठी आहेत?" त्यानं विचारलं. "नागपूरले," युसूफभाई म्हणाले, "घरची माणसं जंगल पाहाले आली." त्यानं आडवा बांबू वर केला. पण आम्ही वळणापलीकडं जाईपर्यंत तो आमच्याकडंच पाहत होता.

आत मोहाखाली कोलाम आदिवासींच्या बायका फुलं वेचून परतत होत्या. टोपल्यांत पिवळट, मांसल फुलं, आणि सगळ्या रानात तो आंबूस-गोड दरवळ. आईनं गाडी थांबवून मूठभर फुलं मागून घेतली आणि पदरात बांधली. पुढं साग संपला, झाडी दाट झाली, उतारावर नाला लागला. अर्जुनाची पांढरी खोडं, जांभळीची काळी सावली, आणि खाली एक डोह. बाकी सगळा नाला कोरडा होता. युसूफभाईंनी गाडी करवंदीच्या जाळीआड लावली आणि इंजिन बंद केलं.

"आता बोलायचं नाही," ते कुजबुजले.

जुबेदाबींच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्यांनी ओढणीचं टोक मनगटाभोवती गुंडाळलं. ते पाहून आईनंही पदराचा शेव आपल्या पाटल्या-बांगड्यांवर बांधला. ज्यांच्या हाताची किणकिण मी लहानपणापासून ऐकत आले होते त्या दोघी एकदम आवाजाविना झाल्या.

किती वेळ बसलो ते सांगता यायचं नाही. तांबट पक्ष्याची टुक्‌टुक चालली होती. डोहावर लाल चतुर फिरत होते. चितळांचा कळप आला, पाणी पिऊन गेला. ऊन जमिनीवरून सरकत झाडांच्या बुंध्यांवर चढलं. मला झोप येऊ लागली होती. आणि वर कुठंतरी एक वानर खोकल्यासारखं ओरडलं. मग दुसरं. नाल्याच्या वरच्या अंगाला चितळ किंचाळलं. युसूफभाईंनी एक बोट वर केलं.

ती कधी आली ते आम्हाला कळलंच नाही. पलीकडच्या काठावर पिवळं गवत होतं, आणि त्या गवताचीच वाघीण झाली. ती उतरली, डोहाच्या काठाशी आली, आणि पाठमोरी होऊन पाण्यात शिरली. आधी शेपूट, मग मागचे पाय, मग सगळं अंग. म्हातारं माणूस नदीवर आंघोळीला उतरतं तशी. गळ्यापर्यंत पाणी आल्यावर तिनं डोळे मिटले.

मग तिनं ते उघडले आणि मान वळवून आमच्याकडं पाहिलं.

तिनं नुसतं पाहिलं. भिंतीवरच्या डोळ्यांत मी कधी काही पाहिलं नव्हतं, आणि या डोळ्यांत काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. रागही नव्हता, भीतीही नव्हती. आम्ही तिथं आहोत, हे तिनं जाणून घेतलं, एवढंच. मग ती घशातल्या घशात कसलासा आवाज करून मागं वळली. गवतातून दोन पिल्लं धडपडत खाली आली. एक पाण्याला घाबरत होतं. पंजा बुडवायचं, झटकायचं, पुन्हा बुडवायचं.

"माशाल्ला," जुबेदाबी नुसत्या ओठांनी म्हणाल्या.

आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता आणि नंतरही क्वचितच पाहिला. ओठ थोडे उघडे, डोळे भरलेले, पण रडणं नव्हतं ते. एखाद्या मुलीच्या हातात पहिल्यांदा काही मोठं, जिवंत ठेवावं तशी ती बसली होती, हलली तर सांडेल म्हणून.

परतताना जुबेदाबी आणि मी एकदम बोलू लागलो. जुबेदाबी त्या घाबरट पिल्लाची नक्कल करत होत्या. आई मागं वळून रानाकडं पाहत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "एवढी सावकाश गं! तिले कशाचीच घाई नव्हती."

बाबा परत आले तेव्हा तिनं त्यांना पहिल्याच चहाला सांगून टाकलं. लपवायचं असं काही तिच्या मनातच नव्हतं. बाबा थोडे रागावले, थोडे चकित झाले, आणि खरं सांगायचं तर सुखावले. कचेरीत त्यांनीच ती गोष्ट रंगवून सांगितली. "आमच्या घरातली मंडळी रिकाम्या हातानं गेलती अन् वाघीण पाहून आली!"

मग वैशाखात मुंबईचे शेठजी आले. गिरणीवाले, आमच्या भागातला कापूस घेणारे. त्यांचं सगळं वकिलीचं काम बाबांकडं येणार असं ठरत आलं होतं. त्यांच्यासाठी बाबांनी ब्लॉक मिळवून ठेवला होता. शेठजी माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला होता आणि आईच्या हातच्या गोळाभाताचं तोंडभर कौतुक केलं. त्याच जेवणात बाबांनी मोठ्या हौसेनं वाघिणीची गोष्ट काढली.

"अरे वा!" शेठजी आईकडं वळले. "मग आमचं काम सोपं झालं. वहिनी, जागा कुठली ती?"

आई कढी वाढत होती. तिनं वाढणं पुरं केलं, भांडं खाली ठेवलं.

"सांगणार नाही," ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. शेठजींना ते थट्टेचं वाटलं, म्हणून ते हसले. बाबाही हसले. आई हसली नाही, तेव्हा दोघं थांबले.

"अगं, पाहुणे विचारून राह्यले," बाबा म्हणाले.

"ऐकलं मी. मले माहीत आहे ती कुठं येते. पण मी सांगणार नाही."

पंगतीत कुणी कढीचा घोट घेईना. बाबा माझ्याकडं वळले. कोर्टात साक्षीदाराला विचारायचे तसा त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "पोरी, तूही होतीस नं? तू सांग बरं."

मी आईकडं पाहिलं. तिनं मला काहीच खुणावलं नाही. माझं मला ठरवायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढं तो पाण्यात बुडणारा आणि झटकला जाणारा पंजा आला.

"बाबा," मी म्हणाले, "तिले पिल्लं आहेत. एक पाण्याले भेते."

बाबांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी युसूफभाईंना बोलावणं गेलं. ते आले आणि अंगणातच उभे राहिले. "साहेब, गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला."

जीप फाटकाबाहेरच उभी होती. तिच्यातूनच ते आले होते. बाबांनी तिच्याकडं पाहिलं, मग युसूफभाईंकडं.

"दुरुस्तीले किती दिवस लागतील?"

"पाऊस पडेपर्यंत लागतील, साहेब."

बाबांचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत युसूफभाईंनी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. ते आत निघून गेले. शेठजींनी दुसरी गाडी केली, दुसरे शिकारी वकील जोडीला घेतले. "तुम्ही चला," त्यांनी बाबांना पुष्कळ म्हटलं. बाबांनी डोकं दुखतं असं सांगितलं.

ते दिवस फार लांबले. तापलेल्या अंगणात पाणी शिंपडलं की मातीचा वास उठायचा आणि लगेच विरायचा. रोज संध्याकाळी आई भाजी निवडायला म्हणून ओट्यावर यायची, आणि तिचे कान रस्त्याला लागलेले असायचे. जुबेदाबी येऊन नुसत्या शेजारी बसायच्या. बाबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसायचे, पान मात्र उलटायचे नाहीत. एका संध्याकाळी नाक्याच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला. लांबलचक, थांबायचं नाव न घेणारा. आईच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. जुबेदाबींनी डोळे मिटले.

"ट्रक आहे," बाबा पेपराआडून म्हणाले. "हैदराबादचा ट्रक आहे तो."

आईनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पेपर खाली केला नाही. पण आम्हाला सगळ्यांना कळलं की तेही इतके दिवस तेच ऐकत होते.

शेठजी एक सांबर घेऊन परत गेले. वाघीण त्यांना दिसली नाही. त्यांचं काम त्या दुसऱ्या वकिलांकडं गेलं. बाबांनी त्याबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही. आईशी बोलणं हळूहळू पूर्ववत झालं, युसूफभाईंशी मात्र पावसाळा निम्मा सरेपर्यंत नाही. त्याच पावसाळ्यात आईनं कडुनिंब घातला नाही. कसर लागली. कातड्यांवरचे केस पुंजक्यापुंजक्यानं बैठकीत पडू लागले आणि ती ते रोजच्या केरासोबत झाडून काढत राहिली. बाबांनी ते पाहिलं. श्रावणात एकदा स्टूल घेऊन त्यांनी स्वतःच ती खाली उतरवली.

पोळ्याच्या दिवशी गावात बैलांची मिरवणूक निघाली होती. बाबा ती पाहायला म्हणून बाहेर पडले आणि मला घेऊन थेट गॅरेजवर गेले. युसूफभाई गाडीखाली होते. फक्त पाय दिसत होते.

"काय युसूफ, पाटा बदलला का?" बाबांनी विचारलं.

पाय हलायचे थांबले. मग गाडीखालून आवाज आला, "बदलला साहेब. पाऊस पडला नं."

आधी कोण हसलं ते आठवत नाही. युसूफभाई बाहेर आले तेव्हा दोघांचेही डोळे ओले होते आणि बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचे दोन पंजे उमटले होते.

पुढच्या चैत्रात बाबा आमच्याबरोबर आले. निघताना त्यांनी सवयीनं बंदूक खांद्याला लावली होती. गाडीत पाय ठेवला, क्षणभर थांबले, आणि ती काढून माझ्याकडं दिली. "आत ठेवून ये." आईनं काही पाहिल्याचं दाखवलं नाही. ती छागलीचं बूच घट्ट करत राहिली.

वाघीण आली. पिल्लं आता आडदांड झाली होती आणि दोन्ही पाण्यात धिंगाणा घालत होती. ऊन सरकत गेलं. वाघीण काठावर आडवी झाली, उठली, पाणी प्याली, एका पोराला पंजानं दूर ढकललं, पुन्हा आडवी झाली. बाबांचं उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर वाकत होतं, सरळ होत होतं. हळूहळू तेही थांबलं. संधिप्रकाशात ती पिल्लांना घेऊन निघून गेल्यावरही कुणी हललं नाही.

"इतका वेळ," बाबा हलकेच म्हणाले, "इतका वेळ मी एकही वाघ पाहिला नाही कधी. दिसला की संपलाच."

आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. जुबेदाबी आणि युसूफभाई समोर असताना तिनं असं कधी केलं नव्हतं.

मग दरवर्षी चैत्र-वैशाखात जीप जाऊ लागली. बाबा परवानगी काढून द्यायचे, युसूफभाई चालवायचे, आणि बसायच्या त्या बायकाच. दवाखान्यातली नर्स, मुलींच्या शाळेतल्या बाई, मामलेदारांची सासू. वांग्याची भाजी आणि रोडगे बांधून न्यायचे. प्रत्येकीनं बांगड्यांना काहीतरी बांधायचं. वाघ प्रत्येक वेळी दिसायचा नाही. मग अस्वलाचं ओरबाडलेलं झाड दिसायचं, लांडोरीची पिल्लं दिसायची, आणि गावात आठवडाभर त्याच गोष्टी चालायच्या. शाळेतल्या बाई तर परतताना नेहमी गायच्या, गळा नसताना.

त्या वाघिणीचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. एका वर्षी डोहावर दुसरीच आली. शिकारी चालूच होत्या, अजून कितीतरी वर्षं चालल्या. कायदा आला, जंगल राखीव झालं, ते फार नंतर. त्यात आमच्या कुणाचा हात नव्हता. युसूफभाई थोरल्या मुलाकडं आदिलाबादला राहायला गेले. जाताना जीप कुण्या शेतकऱ्याला विकली. माझं लग्न झालं, मी अमरावतीला गेले. बाबा गेले, पुढं आईही गेली. जुबेदाबींची शेवटची भेट आदिलाबादच्या दवाखान्यात झाली. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर त्यांनी चादरीवर हात बुडवल्यासारखा केला, आणि झटकला. आम्ही दोघी हसत बसलो. नर्सला वाटलं, म्हातारी भ्रमात आहे.

"आजी!" ड्रायव्हर मागं वळून सांगत होता. "वाघीण मथनी गेटच्या बाजूले निघाली म्हणून राह्यले. पळवू का गाडी?"

पुढच्या गाड्या धूळ उडवत निघाल्याच होत्या. भाची म्हणाली, "चला चला, लवकर!"

"जरा थांबू या का?" मी म्हणाले. "थोडा वेळ. इंजिन बंद करून."

भाचीचा चेहरा पडला. इतक्या लांबून यायचं आणि थांबून बसायचं! पण ओवीनं माझ्या बाजूनं मत दिलं आणि पोरानं किल्ली फिरवली. धूळ खाली बसली. गाड्यांचा आवाज विरत गेला, आणि मग रानाचा आवाज हळूहळू वर आला. वाळल्या पानांवर काहीतरी सरसरलं. दूर कुठं तरी पावशा बोलत होता.

झाडीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, निघाली. तांबूस, उंच, कान हलवत. तिच्या पोटाशी वासरू. वनखात्यानं बांधलेल्या छोट्या पाणवठ्यावर ती आली, चहूकडं पाहिलं, आमच्याकडंही पाहिलं, आणि मान खाली घातली. वासराला काठ उंच होत होता. त्यानं पुढचे गुडघे टेकले आणि तेही प्यायला लागलं.

ओवी पुढच्या दांडीवर हनुवटी टेकून बसली होती. भाचीनं कॅमेरा उचलला होता, तो मांडीवर उतरला.

"आजी," ओवी कुजबुजली, "पाणी पिताना तिचा गळा हलतो बघ."

गेट बंद व्हायची वेळ होत आली होती. ड्रायव्हरनं घड्याळाकडं पाहिलं, आणि किल्लीवरचा हात काढून घेतला.